उभ्याने मोजलेलं बीपी

तालुक्याच्या गावी माझं मेडिकलचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे नाना प्रकार या काळात पाहिले, पण अलीकडे एक प्रकार फार वाढलाय, तो म्हणजे लॅमिनेट केलेली चिठ्ठी. शहरातला मुलगा आईला मोठ्या डॉक्टरांना दाखवून आणतो, मिळालेला कागद फाटू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालून देतो आणि पुढे तो कागद दर महिन्याला माझ्या काउंटरवर येत राहतो. अशीच एक चिठ्ठी गेली नऊ वर्षं येत होती. तारीख २०१६ ची. वय ७८, वजन ६१ किलो, बीपी १६८/९४, खाली तीन गोळ्या आणि शेवटी दोन शब्द, ‘चालू ठेवणे’. त्या आजी आता ८७ वर्षांच्या आहेत आणि वजन ४३ किलोवर आलंय. गोळ्या मात्र त्याच, ताकदही तीच. प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या कागदावर कोणाला नवीन काही लिहिताही येत नाही.

नियम असा आहे, की डॉक्टरांनी तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं. ‘चालू ठेवणे’ या दोन शब्दांच्या आधारावर मी नऊ वर्षं दिलं. त्याची टोचणी लागलीय म्हणूनच हे लिहितो आहे.

मला म्हणायचंय ते एवढंच. ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या बीपीच्या औषधाला मुदत असली पाहिजे. दर सहा महिन्यांनी कोणीतरी त्या माणसाला उभं करून बीपी मोजावं, घरच्यांना दोन प्रश्न विचारावेत आणि चिठ्ठी नव्याने लिहावी. नवी चिठ्ठी जुन्यासारखीच निघाली तरी हरकत नाही, पण ती विचार करून लिहिलेली असावी. हे केवळ हृदयासाठी म्हणत नाही, डोक्यासाठीही म्हणतो. कारण म्हातारपणी बुद्धी चळली, विसर पडायला लागला की आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सगळे मोकळे होतात. गोळ्यांच्या डब्याकडे कोणी बघत नाही.

त्याच आजींचं सांगतो. त्यांना आक्का म्हणू या. तीन गोळ्यांतली एक अ‍ॅम्लोडिपिन. या गोळीने पुष्कळांच्या पायावर सूज येते, तशी आक्कांच्याही आली. सूज दिसली म्हणून दुसऱ्या एका ठिकाणी लघवीची गोळी सुरू झाली. आधीच्या तीन गोळ्यांपैकी एकीत लघवीचं औषध होतंच, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. बीपी आहे म्हणून जेवण अळणी, तेही चार घास. रात्री तीन-तीन वेळा मोरीकडे फेऱ्या. उन्हाळा लागला तशा आक्का जरा वेगळंच बोलायला लागल्या. दुपारी चारला झाडलोट करून, सकाळ झाली म्हणून दूधवाल्याची वाट बघत दारात बसायच्या. नातवाला त्याच्या आजोबांच्या नावाने हाक मारायच्या. सूनबाई माझ्याकडे आल्या त्या स्मरणशक्तीची गोळी घ्यायला. कोणीतरी तीही लिहून दिली होती.

मी म्हटलं, “वहिनी, ही गोळी उद्या नेली तर चालेल का? आधी सोडियम तपासून घ्या ना.” रिपोर्ट आला ११९, म्हणजे रक्तातलं मीठ फारच खाली गेलेलं. लघवीच्या गोळ्यांनी ते उतरतं, आणि फार उतरलं की माणूस असंबद्ध बोलायला लागतो. चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. लघवीच्या दोन्ही गोळ्या बंद झाल्या, सोडियम हळूहळू वर आणलं, आणि पाचव्या दिवशी आक्कांनी नातवाला त्याच्या नावाने हाक मारून विचारलं, “अरे, तुझी परीक्षा झाली का?” विसराळूपणा पूर्ण गेला नाही. तो आधीपासून थोडा होताच आणि अजूनही आहे. पण दारात बसून दूधवाल्याची वाट बघणारी आक्का ही म्हातारचळाची नव्हती, गोळ्यांची होती.

हे वाचून कोणी आईच्या गोळ्या परस्पर बंद करील याची मला धास्ती वाटते. ‘बीपीच्या गोळ्या हे कंपन्यांचं कारस्थान आहे, लसूण खा’ असे निरोप मोबाइलवर फिरत असतातच. ‘वय अधिक शंभर एवढं वरचं बीपी चालतं’ हा हिशेबही घरोघरी ऐकू येतो. एके काळी डॉक्टरसुद्धा तो मानत. म्हाताऱ्या, कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पोचायला जास्त दाब लागतच असणार, तेव्हा खाली आणू नका, असं ते समजत. पण २००८ साली ‘हायव्हेट’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हा समज मोडला. युरोप, चीन, ट्युनिशिया, ऑस्ट्रेलिया अशा ठिकठिकाणचे ऐंशीच्या पुढचे ३,८४५ लोक त्यात होते. सगळ्यांचं वरचं बीपी १६० च्या पुढे. अर्ध्यांना औषध दिलं आणि बीपी १५०/८० पर्यंत आणायचं ठरवलं, उरलेल्यांना औषध नसलेली, नुसती दाखवायची गोळी. औषधाच्या गटात मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले आणि हृदय कमजोर पडून फुप्फुसात पाणी होण्यासारखे प्रकार ६४ टक्क्यांनी. फायदा इतका उघड होता, की अभ्यास मुदतीआधीच थांबवून टाकला. त्यामुळे ऐंशीनंतर बीपीला औषध नकोच, असं आता कोणी म्हणू नये. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली माणसं माझ्या ओळखीच्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांच्या बुद्धीचं काय झालं हे त्यांच्या घरच्यांना विचारा.

मग डोक्याचं काय? इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे आणि मला वाटतं लोकांना ती गुंतागुंतीसकट सांगायला हवी. चाळिशी-पन्नाशीत वाढलेलं बीपी पुढे स्मृतिभ्रंशाकडे नेतं, याबद्दल आता फारसा वाद राहिलेला नाही. मेंदूच्या आत खोलवर गेलेल्या केसासारख्या बारीक वाहिन्या वर्षानुवर्षांच्या दाबाने खराब होतात. चीनमध्ये ३२६ खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला, २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. चाळिशीच्या पुढचे, बीपी वाढलेले सुमारे ३४ हजार लोक, आणि निम्म्या गावांत औषध द्यायचं काम गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यसेवकांकडे. चार वर्षांत त्या गावांमध्ये उरलेल्या गावांच्या मानाने स्मृतिभ्रंशाचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी भरलं. आपल्याकडे आशाताई आहेत, आरोग्यवर्धिनी केंद्रं (आताची आयुष्मान आरोग्य मंदिरं) आहेत. भारतात साठीच्या पुढच्या शंभर जणांमागे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पन्नाशीतल्या माणसाने बीपीची गोळी चुकवू नये, याचं याहून मोठं कारण मला सांगता येणार नाही.

ऐंशीच्या पुढे मात्र हिशेब बदलतो. हायव्हेटमध्ये स्मृतीचीही तपासणी झाली होती. औषधाच्या गटात स्मृतिभ्रंश थोडा कमी दिसला, पण खात्रीने बोलावं इतका तो फरक नव्हता. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ अभ्यासाने पन्नाशीच्या पुढच्या लोकांचं वरचं बीपी १२० च्या खाली आणून पाहिलं. २०१९ मध्ये त्याचा स्मृतीबद्दलचा भाग आला. बुद्धी किंचित मंदावण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी झालं, पण पक्क्या स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत पुन्हा तेच, फरक दिसतो पण पुरेसा नाही. उलट कॅलिफोर्नियातल्या नव्वदीच्या पुढच्या माणसांचा जो अभ्यास चालू आहे, त्यात ज्यांचं बीपी ऐंशीनंतर पहिल्यांदा वाढलं त्यांच्यात स्मृतिभ्रंश कमी आढळला. याचा अर्थ वाढलेलं बीपी मेंदूला तारतं असा लगेच लावू नये. स्मृतिभ्रंश उघड व्हायच्या कितीतरी आधी माणसाचं वजन उतरायला लागतं, बीपीही उतरतं. म्हणजे कमी झालेलं बीपी हे आजाराचं कारण नसून आजाराची चाहूल असू शकते. पण मग याच गोष्टीचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. वजन आणि बीपी आपोआप उतरत असताना गोळी जुन्याच मापाची राहिली, तर बीपी गरजेपेक्षा खाली जाणारच.

आता मला जो मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. हायव्हेटमध्ये माणूस घेण्याआधी त्याला उभं करून बीपी मोजलं होतं. उभ्याने वरचं बीपी १४० च्या खाली आलं, की त्याला अभ्यासात घेतलंच नाही. स्प्रिंटमध्येही मिनिटभर उभं राहिल्यावर ज्याचं बीपी ११० च्या खाली गेलं, तो बाहेर. स्मृतिभ्रंश झालेले, कोणाच्या देखभालीशिवाय न राहू शकणारे, असे लोक दोन्हीकडे वगळले होते. ज्या दोन अभ्यासांच्या जोरावर जगभर म्हाताऱ्या माणसांना बीपीच्या गोळ्या दिल्या जातात, त्या दोन्ही अभ्यासांनी माणसाला आधी खुर्चीवरून उठवलं होतं. आपण अभ्यासातली गोळी घेतली आणि उठवणं सोडून दिलं. गेल्या वर्षभरात मी दुकानात येणाऱ्या वयस्कर माणसांना सहज विचारतो, “उभं करून बीपी बघितलं होतं का कधी?” बहुतेकांना प्रश्नच कळत नाही.

त्यात अवघड काही नाही. पाच मिनिटं निजवून किंवा बसवून बीपी घ्यायचं, मग उभं करायचं, एक मिनिटाने घ्यायचं आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्यायचं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो उतार मोजण्याजोगा. ज्याला आपण घेरी येणं, अंधारी येणं, झोक जाणं म्हणतो, ते पुष्कळदा हेच असतं. त्यात पुरुषांना प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर उभ्याने बीपी आणखी घसरतं. रात्री दोनला लघवीला उठलेला माणूस मोरीच्या उंबऱ्यात पडतो, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन, महिनाभर अंथरूण आणि त्यानंतर डोकं पहिल्यासारखं राहत नाही. असली घरं मी इतकी पाहिली आहेत, की बीपी आणि बुद्धी यांचा संबंध सांगायला मला मेंदूच्या वाहिन्यांपर्यंत जावंच लागत नाही, मोरीचा उंबरा पुरतो.

गोळ्या कमी केल्या तर काय होतं, हेही लोकांनी तपासलंय. हॉलंडमध्ये लायडन इथे पंचाहत्तरीच्या पुढच्या, थोडा विसर पडणाऱ्या ३८५ जणांवर प्रयोग झाला. काहींच्या गोळ्या चार महिने थांबवल्या. बुद्धी सुधारेल अशी आशा होती, ती सुधारली नाही. इंग्लंडमध्ये ऐंशीच्या पुढचे, दोन किंवा जास्त गोळ्या घेणारे ५६९ लोक घेऊन त्यातल्या निम्म्यांची एक गोळी कमी केली. बारा आठवड्यांनी बघितलं तर दोन्ही गटांत १५० च्या खाली बीपी असणारे जवळजवळ सारखेच, ८६ आणि ८८ टक्के. सरासरी वरचं बीपी सुमारे साडेतीनने वाढलं, इतकंच. एक गोळी कमी केली की लगेच झटका येईल ही जी भीती असते, तिला या आकड्यांनी बराच आळा बसतो. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या शुश्रूषागृहांतल्या साडेबारा हजार रहिवाशांच्या नोंदी २०२४ मध्ये तपासल्या गेल्या. ज्यांची औषधं कमी केली त्यांची बुद्धी थोड्या सावकाश उतरली, आणि आधीच स्मृतिभ्रंश असलेल्यांत हा फरक जास्त दिसला. पण त्या जुन्या नोंदी आहेत, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेला प्रयोग नव्हे. तसा प्रयोग फ्रान्समध्ये झाला, शुश्रूषागृहांतल्या ऐंशीच्या पुढच्या हजारावर अशक्त माणसांवर. औषध कमी केल्याने आयुष्य वाढलं नाही. घटलंही नाही.

काही जण म्हणतील, मग एवढा आटापिटा कशाला? कमी करून बुद्धी परत येत नाही, आयुष्य वाढत नाही, तर आहे ते चालू द्यावं. मला यातून उलटा अर्थ दिसतो. एखाद्या ८८ वर्षांच्या, अशक्त, उभं राहिल्यावर डोलणाऱ्या माणसाची चौथी गोळी काढल्याने काही बिघडत नसेल, तर ती त्याने का गिळावी? ती गिळताना ठसका लागतो, तिच्यामुळे रात्री उठावं लागतं, तिचे पैसे जातात. फायद्याचा पुरावा गोळीच्या बाजूने मागायचा असतो. ती काढणाऱ्याच्या बाजूने का मागायचा?

पण आपल्याकडे तो काढणाऱ्याकडेच मागितला जातो, आणि खरी अडचण तिथे आहे. आमच्या गावचे एक डॉक्टर मला मोकळेपणाने म्हणाले, “गोळी चालू ठेवली आणि आजोबा पडले तर ते म्हातारपण. गोळी मी कमी केली आणि महिन्याने झटका आला, तर तो माझ्यामुळे.” त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. सकाळच्या साठ पेशंटमध्ये एकाला निजवा, उठवा, तीन मिनिटं थांबा, हे त्यांनी कोणत्या वेळात करायचं? त्यात मूळ चिठ्ठी शहरातल्या मोठ्या डॉक्टरची. तिच्यावर गावच्या डॉक्टरने काट मारली तर मुलगा फोन करून विचारणार, तुम्ही कोण? मुलांनाही दोष देववत नाही. लांब राहणाऱ्या मुलाला आईसाठी दर महिन्याला जे एक काम खात्रीने करता येतं, ते म्हणजे मला फोन करून “काका, आईच्या गोळ्या पाठवा” म्हणणं. त्या पट्ट्या म्हणजे त्याची काळजी असते. त्यातली एक कमी करा म्हटलं की काळजी कमी करा म्हटल्यासारखं त्याला वाटतं.

म्हणूनच हे एकेका डॉक्टरच्या किंवा मुलाच्या धाडसावर सोडून चालणार नाही. सरकारी कार्यक्रमात त्याची जागा हवी. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, महाराष्ट्र त्यातल्या पहिल्या राज्यांपैकी एक. काम चांगलं आहे. फुकट गोळ्या मिळायला लागल्यापासून माझं गिऱ्हाईक कमी झालं, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण त्यात यश मोजतात ते बीपी १४०/९० च्या खाली आलं की नाही एवढ्यावर. पन्नास वर्षांच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरचं १३२ आणि शहाऐंशी वर्षांच्या, काठीने चालणाऱ्या आजीचं १०४, दोन्हींपुढे ‘नियंत्रणात’ अशीच नोंद होते. या नोंदीत ऐंशीच्या पुढच्यांसाठी खालचीही एक रेघ हवी. बीपी तिच्या खाली गेलं की ‘डॉक्टरांना दाखवा, औषधाचा फेरविचार’ असं पुढे यावं. उभ्याने मोजलेल्या बीपीचा रकाना हवा, आणि घेरी आली का, पडलात का, हे दोन प्रश्न. आशाताई घरी जाते तेव्हा तिला हे करता येईल. तिला त्याचे पैसे मात्र वेगळे द्यावेत, तिच्यावर आणखी एक फुकटचं काम लादू नये.

आणि फेरविचाराची जबाबदारी कागदावर यावी. ‘८० च्या पुढील रुग्ण, उभ्याने बीपी अमुक, त्यामुळे अमुक औषध कमी केले, तीन आठवड्यांनी तपासणी’ असं लिहायची पद्धत पडली, की कमी करणंही उपचारच ठरेल आणि डॉक्टरवर एकट्यावर खापर फुटणार नाही. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ८५ च्या पुढच्यांसाठी, अशक्त आणि उभ्याने बीपी घसरणाऱ्यांसाठी सैल लक्ष्य मान्य केलेलं आहे. अमेरिकेच्या २०२५ च्या सूचना १३० च्या खाली ठेवायला सांगतात, आणि त्यात बुद्धी जपण्याचंही कारण देतात. जाणकारांत मतभेद आहेत तर असू देत. त्यावरून एवढं तरी कळतं, की सरसकट एक आकडा या वयाला लावता येत नाही. ८२ व्या वर्षी रोज टेकडी चढणाऱ्या आजोबांना १२५ झेपेल, त्यांना ते मिळावं. गोळ्या वाढवाव्या लागल्या तर वाढवाव्यात. फेरविचार म्हणजे कपात असं मी कुठेही म्हणत नाही.

घरच्यांना एकच विनंती. कमी करायचं ते डॉक्टरांकडूनच, एका वेळी एक, आणि नंतर बीपीवर लक्ष ठेवून. क्लोनिडिन, अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या जातीच्या गोळ्या एकदम तोडल्या तर बीपी उसळतं, छातीत दुखणं उफाळतं. काही गोळ्या बीपीच्या वाटतात पण हृदयासाठी किंवा किडनीसाठी दिलेल्या असतात. मात्र जुलाब लागलेत, खाणं सुटलंय, कडक ऊन आहे, अशा दिवसांत लघवीची गोळी द्यावी का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. आणि म्हातारं माणूस दोन दिवसांत एकदम असंबद्ध बोलायला लागलं तर स्मरणशक्तीची गोळी मागायला येऊ नका, आधी सोडियम बघा.

दुकानात मी आता काउंटरच्या आतल्या बाजूला एक खुर्ची ठेवली आहे, बीपीचं मशीन आणि भिंतीला धरायला एक लोखंडी दांडा. वयस्कर माणसाला बसवतो, उठवतो आणि दोन्ही आकडे तारखेसह एका कागदावर लिहून देतो. त्यापुढे माझा अधिकार नाही, पुढचं डॉक्टर बघतील. गेल्या महिन्यात आक्का सूनबाईंचा हात धरून आल्या. बसून १४६, उभ्याने १३८. सूनबाईंनी पिशवीतून चिठ्ठी काढली. साधा कागद, चार घड्या पडलेला, प्लास्टिक नाही. दोनच गोळ्या, आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात, ‘तीन महिने. नंतर उभ्याने बीपी पाहून पुन्हा ठरवू.’